नागपुरात तैलरंगाचा स्टुडिओ: खिडकीपासून वॉर्निशपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा. कलाशिक्षणाची पदविका झालेल्या एका मुलीला नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या गच्चीवर, दहा बाय बाराच्या खोलीत, वास्तववादी व्यक्तिचित्रं आणि स्टिल लाइफ, म्हणजे फळं-भांडी अशा मांडलेल्या वस्तूंची चित्रं, करायचं आहे. खोलीला एक खिडकी उत्तरेला, एक पश्चिमेला. आजवर केलेल्या दोन तैलचित्रांपैकी एकात गडद साडीवर महिन्याभरात राखेसारखे निस्तेज डाग उठले. दुसऱ्यात आठ महिन्यांनी केसांच्या भागाला तडे गेले. पावसाळ्यात दोन्हींच्या पाठीवर बुरशी आली. खिडकी कुठली ठेवू, सामान काय घेऊ आणि बिघडलं कशामुळे, असं तिने विचारलं आहे.

आधी खिडकी, कारण ती चुकली तर पुढचं सगळं चुकीच्या उजेडात होतं.

पश्चिमेची खिडकी प्लाय ठोकून बंद करा. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. उत्तरेच्या खिडकीबद्दल मात्र पुस्तकात असतं ते नागपुरात अर्धवटच लागू पडतं. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, म्हणून सावली दिवसभर जागची हलत नाही, हा अनुभव लंडन-पॅरिसचा. तिथे भर जूनमध्येसुद्धा कामाच्या वेळेआधीच ऊन उत्तरेच्या भिंतीवरून निघून गेलेलं असतं. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्याही खाली आहे. २१ मार्च ते २३ सप्टेंबर सूर्य इथे पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. एप्रिलच्या मध्याला सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन असतं. मेच्या मध्याला ते सकाळी सव्वादहापर्यंत आणि दुपारी दोननंतर असतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो त्याच सुमारास, २६ मेच्या आसपास, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो तो शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे उन्हाळ्यात सकाळच्या गारव्यात काम उरकू म्हणाल तर नेमकं तेव्हाच ऊन खिडकीतून आत आलेलं असेल.

उपाय सोपा आहे. छज्जा दुपारचं डोक्यावरचं ऊन अडवतो, सकाळ-संध्याकाळचं नाही. त्यासाठी खिडकीच्या दोन्ही बाजूंना बाहेरून उभे आडोसे लागतात. सूर्य उत्तरेकडे जास्तीत जास्त पंचवीस अंश सरकतो, त्या हिशेबाने चार फूट रुंदीच्या खिडकीला दोन फूट बाहेर आलेला आडोसा पुरतो. सिमेंट शीट चालेल, प्लायही चालेल. आतल्या बाजूला मळकट पांढरा किंवा राखाडी रंग द्या. उन्हाळ्यात गच्चीवर आणि खिडक्यांवर आपण जी हिरवी शेडनेट बांधतो ती स्टुडिओच्या खिडकीजवळ नको. तिच्यातून गाळून आलेल्या उजेडात गालावरचा तांबूसपणा मरतो आणि तुम्ही नकळत चित्रात लाल वाढवत जाता. चित्र बैठकीत नेलं की माणूस ताप आल्यासारखा दिसतो.

दुसरा धोका समोरच्या घराचा. महालासारख्या दाट वस्तीत तुमच्या उत्तरेच्या खिडकीसमोर शेजाऱ्याची दक्षिणेची भिंत असते, आणि हिवाळ्यात तिच्यावर दिवसभर लख्ख ऊन असतं. भिंत गुलाबी असेल तर तुमचा ‘उत्तरेचा उजेड’ गुलाबी. मॉडेलच्या खुर्चीत स्वतः बसा आणि खिडकीकडे बघा. खुर्चीतून फक्त आकाश दिसायला हवं. भिंत दिसत असेल तर ती दिसेनाशी होईपर्यंत खिडकीचा खालचा भाग काळ्या कागदाने झाका. बहुतेक वेळा जमिनीपासून साडेचार-पाच फुटांपर्यंत झाकावं लागतं. त्याने उजेडही वरून, साधारण पंचेचाळीस अंशातून पडतो, आणि नाकाखाली, हनुवटीखाली स्वच्छ सावली मिळते.

भिंतींना मध्यम राखाडी डिस्टेंपर द्या. पांढरी भिंत सावलीत इतका उजेड परत फेकते की चेहऱ्याची गोलाई सपाट होते. काम करताना अंगात भडक कपडा नको, त्याची झाक ओल्या रंगावर पडते. संध्याकाळी काम करायचंच असेल तर ५००० केल्व्हिनची, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा त्यापुढची एलईडी घ्या. मॉडेल आणि कॅनव्हास दोन्ही एकाच दिव्याखाली ठेवा. घरातल्या साध्या ट्यूबखाली जुळवलेला कातडीचा रंग सकाळी वेगळाच निघतो.

आता कॅनव्हास. तुम्ही खडूपावडर आणि सुतारकामाचा पांढरा गम मिसळून घरीच प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, केलं होतं, असं लिहिलं आहे. साडीवरच्या डागांचं निम्मं कारण तिथेच आहे. खडू जास्त आणि गम कमी असला की अस्तर टीपकागदासारखं तेल ओढून घेतं. वरच्या रंगात पावडर उरते, तिला धरून ठेवणारं तेल उरत नाही. गडद रंगात हे लगेच दिसतं, कारण काळोखाची खोली तेलाच्या चमकेवरच असते. तो गम उन्हाळ्यात मऊ पडतो आणि वर्षागणिक पिवळा होतो, हे वेगळंच. सरसही टाळा. जुन्या युरोपीय पद्धतीत तो आहे, पण सरस हवेतली ओल पितो. ओल पिऊन फुगणं, मेमध्ये आकसणं, आणि वर बुरशीला आयतं खाद्य, असा तिहेरी ताप होतो.

त्याऐवजी दहा किंवा बारा औंसाचं कॉटन डक, म्हणजे जाड सुती कापड, घ्या. ते ताणायच्या चौकटीच्या पट्ट्या लकडगंजच्या लाकूडबाजारातून सागवानाच्या घ्या, दीड बाय पाऊण इंच, आणि पट्टीचा पांढरट भाग टाळून गाभ्याचं लाकूड निवडा. वाळवी आधी पांढऱ्या भागाला लागते. पट्टीची आतली कड सुताराकडून उतरती करून घ्यायला विसरू नका. सपाट पट्टीला कापड टेकलं की वर्षभरात चित्रावर चारही बाजूंनी पट्टीची रेघ उमटते, आणि ती पुन्हा जात नाही. कोपरे खिळ्यांनी पक्के करू नका. खाचेत बसवून पाचर मारण्याची सोय ठेवली तर पावसाळ्यात ढिला पडलेला कॅनव्हास पुन्हा ताणता येतो.

कापड मधून बाहेर ताणायचं. चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग तिथून कोपऱ्यांकडे दोन-दोन इंचांवर. त्यावर ॲक्रिलिक मॅट मीडियम समभाग पाण्यात मिसळून दोन हात. हा थर तेल कापडापर्यंत पोचू देत नाही. जवसाचं तेल सुकताना आम्ल होतं आणि उघडं कापड जाळतं, म्हणून ही पायरी गाळायची नाही. मग ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे तयार पांढऱ्या अस्तराचे, तीन हात: पहिल्यात चौथाई पाणी, पुढचे दोन जवळजवळ तसेच, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. दोन हातांच्या मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, शेवटी ३२०. चोवीस बाय छत्तीस इंचाला तिन्ही हात मिळून साधारण पाव लिटर जेसो लागतो. गच्चीत उन्हात वाळवायचा मोह आवरा. वरची साय आधी सुकते, खालचं पाणी तिला छेदून निघतं आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. शेवटच्या हातानंतर तीन दिवस थांबा, पावसाळ्यात आठवडा.

अठरा बाय चोवीस इंचापर्यंतच्या कामाला मात्र ताणलेल्या कॅनव्हासपेक्षा फळी बरी, हे माझं मत. आपल्याकडे कूलर सुरू झाला की खोलीची हवा दमट आणि बंद झाला की बाहेरची कोरडी हवा आत. दिवसातून दोनदा कापड सैलावतं नि आवळतं, आणि वरचा सुकत आलेला रंग त्या ओढाताणीत सापडतो. दुकानांच्या पाट्यांना वापरतात ते ३ मिलिमीटरचं एसीपी (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पत्रा असलेलं) शीट ओलीने फुगत नाही. त्यावरची फिल्म काढा, २२० पेपरने चमक मारा, स्पिरिटने पुसा, ॲक्रिलिक मीडियमने कॉटन चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) स्वस्त आहे, पण एका पावसाळ्यात त्याचे कोपरे फुलतात.

आता तुमचे तडे. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि प्रत्येक रंगाचा त्यासाठी लागणारा वेळ निराळा. अंबर या तपकिरी मातीच्या रंगात मँगेनीज असतं, ते तेलाला लवकर सुकवतं. मेमध्ये अंबरचा पातळ थर संध्याकाळपर्यंत हाताला लागत नाही. आयव्हरी ब्लॅक आठवडाभर ओलाच. तुम्ही केस आयव्हरी ब्लॅकमध्ये भरपूर तेल घालून जाड भरले आणि चौथ्या दिवशी त्यावर अंबर आणि पांढऱ्याच्या बटा काढल्या. वरचा थर दोन दिवसांत कडक झाला, खालचा कित्येक आठवडे हलत राहिला, म्हणून वरचा फाटला. त्यात तुमचा पांढरा झिंक होता. झिंक ऑक्साइड तेलात काही वर्षांत काचेसारखं ठिसूळ होतं. ट्यूबवर ‘टायटॅनियम’ लिहिलेलं असलं तरी मागे पिगमेंट कोड बघा. नुसतं पीडब्ल्यू ६ हवं. सोबत पीडब्ल्यू ४ असेल तर त्यात झिंक मिसळलेलं आहे.

खालचे थर तेलाला कोरडे, वरचे तेलकट, हा नियम तुम्ही शिकलाच असाल. त्याचं रोजचं रूप असं. पहिला थर अंबर आणि अल्ट्रामरीनचा, थोडंसं टर्पेंटाइन घालून. इतकं नको की रंग चहासारखा वाहील, कारण मग पावडरला धरायला काही उरत नाही आणि पुन्हा तेच राखेचे डाग. दुसरा थर ट्यूबमधून आला तसाच. तिसऱ्यात जवसाचं तेल एक भाग आणि टर्पेंटाइन दोन भाग, तेही रंगाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नाही. पुढचा थर द्यायच्या आधी अंगठ्याने दाबून किंचित फिरवा. रंग सरकला तर थांबा.

साडीवरचे डाग मात्र सुधारता येतात. तेल आणि टर्पेंटाइन समभाग घेऊन सुती चिंधीने त्या जागी अगदी पातळ चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या चिंधीने जवळजवळ सगळं पुसून काढा. गेलेली खोली परत दिसली की तेवढ्यातच काम करा. चित्रभर तेल फासून ठेवलं तर ते पुढे पिवळं पडेल.

तेलाबद्दल विदर्भात एक मोह हमखास होतो. जवस आपल्याच शेतात पिकतं, घाणीवरचं ताजं तेल मिळतं, मग ट्यूबवाल्यांचं महाग तेल कशाला? घाणीच्या तेलात चिकट द्रव्य असतं, ते काढून टाकलेलं नसतं. तेल उशिरा सुकतं आणि गडद होतं. ते चटणीवरच शोभतं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लिनसीड दाराच्या पॉलिशसाठी असतं, त्यात सुकवणारी रसायनं असतात, चित्र तपकिरी पडतं. तिथलंच ‘टर्पेंटाइन’ बहुधा मिनरल असतं. ब्रश धुवायला ते चालेल, डामर नावाच्या राळेचं वॉर्निश मात्र त्यात नीट विरघळत नाही. विकत घेतलेल्या टर्पेंटाइनचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. उडून गेल्यावर डाग उरला तर परत करा.

रंगांची यादी छोटी ठेवा: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम यलो, कॅडमियम रेड, इंडियन रेड, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन, आयव्हरी ब्लॅक आणि एक थंड लाल. थंड लालसाठी अलिझरीन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, घेऊ नका. पांढऱ्यात मिसळलं की उजेडात उडतं. पीव्ही १९ कोडचा लाल टिकाऊ आहे. ‘फ्लेश टिंट’ नावाची गुलाबी ट्यूब दुकानातच राहू द्या. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ कांतीशी तिचा काही संबंध नाही. पुस्तकं बहुतेक गोऱ्या कातडीची, म्हणून विद्यार्थी उजेड दाखवायला पांढरा घालत जातात आणि चेहऱ्यावर पावडर लावल्यासारखं होतं. सावळ्या चेहऱ्याचा उजेडाचा भाग ऑकर आणि इंडियन रेडने वर आणा, पांढरा अगदी शेवटी नि चिमूटभर. सावली अंबर, अल्ट्रामरीन आणि थंड लालातून. उजेड-सावलीच्या सांध्यावर कातडी सगळ्यात लालसर दिसते. कपाळावरची, नाकाच्या शेंड्यावरची चमक मात्र खिडकीतल्या आकाशाचीच असते, म्हणून निळसर. ती ठसठशीत आणि छोटी ठेवली की बाकी सगळं आपोआप गडद आणि ओलसर दिसतं. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्नच्या नावाने ओळखली जाणारी चार रंगांची पॅलेट, म्हणजे पांढरा, ऑकर, कॅडमियम रेड आणि काळा, सरावाला उत्तम. महिनाभर तेवढ्यावरच चेहरे केलेत तर टोन, म्हणजे गडद-फिकटाची जाण, सुधारतो.

स्टिल लाइफला दिवाळीनंतरचं संत्रं घ्या. हिवाळ्यात उत्तरेचा उजेड नऊ ते चार स्थिर असतो आणि आंबिया बहाराचं फळ बाजारात असतं. नागपुरी संत्र्याची साल गराला घट्ट चिकटलेली नसते, देठाजवळ ती किंचित फुगलेली आणि सुरकुतलेली असते. तिथे नुसता गोळा काढला तर ते मोसंबी वाटतं. टेबलावर खडूने फळाची जागा आखून ठेवा. पान असेल तर ते सगळ्यात आधी रंगवा, दुपारपर्यंत ते वळतं. सोललेल्या फोडी तर अर्ध्या तासात निस्तेज होतात, म्हणून त्या एका दमात करायच्या. फोडीवरचे पांढरे धागे शेवटी, आणि तेही सगळे नकोत, उजेडातले दोन-तीन पुरेत.

सालीचा रंग उजेडात कॅडमियम यलो आणि कॅडमियम रेडचा. इथे पांढरा घातलात की फळ प्लॅस्टिकचं झालं. सगळ्यात शुद्ध नारंगी उजेडात दिसत नाही, उजेड ओसरायला लागतो तिथे, हाफटोनमध्ये दिसतो. त्यापुढे सांध्यावर बर्न्ट सिएना आणि पीव्ही १९. सावलीत त्यातच अल्ट्रामरीन. काळा घातला तर पिवळ्याशी मिळून शेवाळी हिरवा होतो. सालीची छिद्रं फळभर टिंबं देत काढायची नसतात. ती सांध्याच्या पट्टीतच नीट दिसतात, कारण उजेड तिथे पृष्ठभागाला घासून जातो. उजेडात ती विरतात आणि सावलीत डोळा त्यांना शोधत नाही. खाली पांढरं कापड असेल तर फळाला लागून त्याच्या सावलीत फिकट नारंगी ऊब येते. बोटभर अंतरावर ती संपते आणि सावली निळसर होते. ही बोटभर ऊब काढायची राहून गेली तर संत्रं कापडावर बसलेलं न वाटता चिकटवलेलं वाटतं.

वर्षाचं वेळापत्रक हवामान ठरवतं. एप्रिल-मेमध्ये पॅलेटवरचा रंग लवकर आळतो. प्रत्येक ढिगात लवंग तेलाचा एक थेंब मिसळला तर तो दिवसभर टिकतो. दोनहून जास्त थेंब टाकले तर चित्रावर सुरकुत्या येतात. रात्री पॅलेट बंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. घरात कुणाला विचारून, कारण वास लोण्याला लागतो. कूलरचा झोत कॅनव्हासवर नको. पाण्याचे तुषार आणि वाळ्याची धूळ ओल्या रंगात बसतात.

तेलाच्या चिंध्यांचा मुद्दा गंमतीचा नाही. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला असेल तर ती आतच कोंडते आणि बाहेर ठिणगी नसतानाही बोळा पेट घेऊ शकतो. पत्र्याखालच्या खोलीत, पंचेचाळीस अंशांत, हे आणखी सोपं. झाकणाच्या लोखंडी डब्यात पाणी घालून चिंध्या त्यात बुडवा आणि डबा त्याच दिवशी घराबाहेर काढा.

जुलै ते सप्टेंबर तैलचित्र सुकवण्याचे दिवस नव्हेत. हे महिने रेखाटनाला आणि अंबरच्या एकरंगी अभ्यासाला द्या. ऑनलाइन एक स्वस्त हायग्रोमीटर घ्या. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहिली की बुरशी धरते. चित्रं भिंतीपासून तीन-चार इंच सोडून, जमिनीवर पट्टी ठेवून, उभी ठेवा. प्लॅस्टिक गुंडाळू नका, आतली ओल आतच राहते. अंधाऱ्या कपाटातही नको, अंधारात तेल पिवळं पडतं. आलेली बुरशी कोरड्या दिवशी गच्चीत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झाडा. मग पाठीच्या उघड्या कापडावरच, थोड्याशा स्पिरिटने भिजवलेली चिंधी फिरवा, आधी कोपऱ्यात तपासून. पुढच्या बाजूला स्पिरिट लावलं तर रंग उतरेल.

वॉर्निश सहा महिने ते वर्षाने, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारीच. दमट हवेत लावलं तर त्यावर निळसर धुकं बसतं. तडे गेलेल्या चित्रावर वॉर्निश देऊ नका, ते फटीत साचून रेघा अधिक ठळक होतात. त्या चित्रातले केस सुरीने अस्तरापर्यंत खरवडून काढा आणि या हिवाळ्यात तेवढा भाग नव्याने करा: अंबर आणि अल्ट्रामरीनचा पातळ थर, तो पूर्ण सुकल्यावर काळ्याचा कमीत कमी वापर करून बटा. चेहरा चांगला उतरला असेल तर त्याला हात लावायची गरज नाही.